दोन बोळक्यांच्या मधले हसू

मराठी भाषेने दातांचे लाड फार केले आहेत. रागावलेला माणूस दातओठ खातो, भ्यालेल्याची दातखिळी बसते, वादात जिंकणारा दुसऱ्याचे दात त्याच्याच घशात घालतो आणि सरकारी कचेरीत खेपा घालणाऱ्याच्या दातांच्या कण्या होतात. कवींनी दातांना कुंदकळ्या म्हटले, डाळिंबाचे दाणे म्हटले, मोत्यांची माळ म्हटले. पण ज्या हिरडीत हे मोती बसवलेले असतात तिच्या नावाने मला तरी एक धड वाक्प्रचार आठवत नाही. कोंदणाच्या नशिबी हे असायचेच. नजर खड्याकडे जाते. कोंदण सैल झाले, किंवा खड्यावर चढून बसले, म्हणजे मग सोनाराची आठवण होते.

तसे पाहिले तर माणसाच्या आयुष्यात हिरड्यांचे राज्य दोनदा येते. पाचसहा महिन्यांच्या बाळाचे हसू म्हणजे निव्वळ हिरड्या. ते पाहण्यासाठी सारे घर पाळण्याभोवती जमते, टिचक्या वाजवते, स्वतःची तोंडे वेडीवाकडी करते. आणि ‘हिरड्या जरा जास्तच दिसतात, नाही?’ असे त्या बाळाला कोणी म्हणत नाही. पुढे ऐंशीच्या घरात पोचलेली आजी कवळी काढून वाटीत ठेवते आणि बोळके पसरून हसते, तेव्हाही त्या हसण्याला कोणी नावे ठेवत नाही. या दोन बोळक्यांच्या मधे जी साठ-सत्तर वर्षे जातात, तेवढ्यातच हिरड्यांनी पडद्यात राहावे अशी आपली अपेक्षा असते. जगातल्या बहुतेक भानगडी या मधल्या काळातच होतात, तेव्हा हीही त्यांतलीच एक.

माझी भाची सध्या या मधल्या काळात आहे. ऐरोलीला संगणकाच्या एका कंपनीत ती नोकरी करते. बुद्धीने तल्लख, बोलायला गोड, आणि हसायला तर तिला कारणही लागत नाही. फक्त हसू आले की तिचा उजवा हात आपोआप उठतो आणि तोंडावर जाऊन बसतो. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका पदराचा बोळा तोंडाशी धरून हसत. पण त्यांचा तो पदर हिरड्यांसाठी नव्हता. बाईमाणसाने मोठ्याने हसणेच त्या काळी रीतीत बसत नसे. पदर गेला, ओढणी आली, तीही खुंटीला लागली. हात मात्र राहिला. सातवीत वर्गाचा फोटो काढताना कोणीतरी एक शब्द बोलले होते म्हणे. कोणता, ते तिने कधी सांगितले नाही. त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक फोटोत ओठ मिटलेले आहेत. वाढदिवसाच्या, सहलीच्या, पदवीदानाच्यासुद्धा. ते फोटो चाळताना वाटते, या मुलीला आनंदाची बातमी कोणी कधी सांगितलीच नाही की काय!

हसताना तिच्या ओठाचा पडदा जरा अधिक वर जातो आणि दातांच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढी हिरडी दिसते. एवढीच काय ती गोष्ट. पण मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास एक स्थळ सांगून आले. मंडळी मुलगी पाहून गेली आणि त्यांच्यातल्या एक बाई जिना उतरता उतरता म्हणाल्या, “मुलगी छान आहे हो, पण हसली की हिरड्याच दिसतात.” पुढे नकार आला तो पत्रिका जुळत नाही म्हणून. पण जिन्यातले ते वाक्य घरात येऊन बसले ते काही उठेना. ताईची झोप उडाली. “पुढचे स्थळ यायच्या आत काय ते करून टाकू,” ती म्हणाली. भाची काहीच बोलली नाही. मामा या नात्याने मला सोबत जाणे आले.

आम्ही राहतो नेरुळला. ताई वरच्या मजल्यावर, मी आणि आई खालच्या. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या भातखाचरांत नि मिठागरांत कागदावरचे शहर उतरू लागले. १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, आणि दादर-गिरगावच्या खोल्यांतून निघालेली आमच्यासारखी माणसे इकडे सुखाने स्थिरावली. योजून वसवलेल्या गावात राहिले की सगळेच योजून करण्याची एक चटक लागते. सरळ रस्ते, आखलेले सेक्टर, कापून सारख्या केलेल्या मेंदीच्या ओळी. मग हसूच तेवढे आखल्यावाचून का राहावे? आमच्या सेक्टरात किराण्याच्या दुकानांना मागे टाकतील इतके दातांचे दवाखाने आहेत आणि त्यांच्या पाट्यांवरची माणसे सदैव हसत असतात. दातदुखी हा विषय त्या पाट्यांवरून नाहीसाच झाला आहे.

अशाच एका दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो. हॉटेलात ठेवतात तसे एक चकचकीत कार्ड हातात आले. हिरड्या उचलणे, हिरड्या गुलाबी करणे, दातांवर पांढरे पातळ कवच बसवणे; तिन्ही एकदम घेतल्यास सवलत. जशी काही साडीवर ब्लाउजपीस! समजावून सांगणारी मुलगी अत्यंत गोड होती. ताई आगाऊ रक्कम द्यायला पर्सही उघडू लागली. एवढ्यात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. इतक्या वेळात भाचीच्या तोंडात कोणी साधा आरसाही घातला नव्हता. शिंपीसुद्धा कापडाला कात्री लावण्याआधी माप घेतो. ‘विचार करून सांगतो’ हे मराठी मध्यमवर्गाचे ब्रह्मास्त्र मी सोडले आणि आम्ही बाहेर पडलो.

नव्या मुंबईचे एक भाग्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन, बेलापूरला भारती विद्यापीठाचे, खारघरला वाय. एम. टी. आणि कामोठ्याला एम. जी. एम. अशी पाच दंतमहाविद्यालये या एका शहराच्या अंगणात आहेत. आणि दंतमहाविद्यालय म्हटले की तेथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असायचाच. त्यांपैकी एका ठिकाणी आम्ही केसपेपर काढला आणि बाकावर जाऊन बसलो.

बाकावरची माणसे वेगळ्याच कामासाठी आली होती. कोणाच्या हिरड्यांतून रक्त येत होते, कोणाचे दात हलत होते. एका आजींनी जन्मभर मिश्री लावली होती. त्यांच्या हिरड्या दातांना सोडून मागे सरल्या होत्या आणि मुळे उघडी पडली होती. मला सुश्रुताची आठवण झाली. त्याने दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग सांगितले आहेत. रक्त गळणारा शीताद त्यात आहे, पू होऊन दात हलवणारा दंतवेष्ट आहे. पण दिसण्याचा रोग त्या पंधरांत नाही. आम्ही जो घेऊन गेलो होतो तो सोळावा.

आम्हांला तपासले एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “फिट येऊ नये म्हणून किंवा रक्तदाबासाठी काही गोळ्या चालू आहेत का?” ताईला हा प्रश्न भलताच वाटला. पण फेनिटॉइन, अ‍ॅम्लोडिपिन, किंवा मूत्रपिंड बदललेल्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन, अशा औषधांनी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. तसे काही नव्हते. मग बाईंनी भाचीला हसायला सांगितले. हात वर गेला. “हात मांडीवर,” बाई म्हणाल्या. हुकुमावरून हसणे किती कठीण असते ते त्या दिवशी मी पाहिले. शेवटी वाट करून देण्यासाठी मी मागे सरलो तो माझा पाय खुर्चीच्या कसल्याशा कळीवर पडला, चूळ भरण्याच्या नळातून पाण्याची चिळकांडी माझ्या सदऱ्यावर उडाली आणि भाची खरीखुरी हसली. बाईंनी तेवढ्यात मोजपट्टी लावली: पाच मिलिमीटर.

पाच मिलिमीटर हिरडी का दिसते याचे उत्तर एक नाही. आणि उत्तर चुकले की उपायही चुकला. वरचा ओठच आखूड असेल. ओठ पुरेसा लांब असून त्याला वर ओढणारे स्नायू फार उत्साही असतील. वरच्या जबड्याचे हाडच उभे अधिक वाढलेले असेल. किंवा दात पुरा उगवल्यावर हिरडीने मागे सरायचे ते ती सरलीच नसेल. बाईंनी खुणा केलेली एक बारीक सळई घेतली आणि हिरडीच्या कडेखाली हळूच सरकवली. वरच्या पुढच्या दाताची उंची साधारण दहा-अकरा मिलिमीटर असते. भाचीचा दात दिसत होता आठच. उरलेला अडीच मिलिमीटर दात होता, धड होता, पांढरा होता. पण हिरडीखाली झाकलेला होता. “गणपतीची मूर्ती पुरी आहे,” बाई म्हणाल्या, “मखराची कमान तेवढी खाली आली आहे.” ताईचा जीव भांड्यात पडला. मुलीत काही जास्त नव्हते. होते तेच झाकले गेले होते.

मग उपायांची यादी झाली. पण ती त्या चकचकीत कार्डासारखी नव्हती. प्रत्येक उपायापुढे तो कोणाला नको हेही होते. नुसती हिरडी जादा असेल आणि तिच्याखालचे हाड दूर असेल तर कड छाटून भागते, मग ती पात्याने छाटा की लेसरने. हाड जवळ असेल तर नुसते छाटून उपयोग नाही. हाडाच्या काठापुढे हिरडी दाताला धरून राहते तो पट्टा सुमारे दोन मिलिमीटरचा असतो. गार्गिउलो, वेंट्झ व ऑर्बन या तिघांनी १९६१ साली तो मोजून ठेवला आहे. ही जागा शरीर सोडत नाही. तेथवर कापले तर हिरडी सुजत राहते, नाही तर काही महिन्यांत पुन्हा खाली उतरून आपल्या मूळच्या जागी ठाण मांडते, पागडी भरलेल्या भाडेकरूसारखी. म्हणून अशा वेळी हिरडी उघडून हाडाची कडही थोडी घासून मागे घ्यावी लागते. ओठच फार उचलला जात असेल तर त्याच्या आतल्या बाजूची एक पट्टी काढून त्याची झेप कमी करता येते. ही युक्ती १९७३ पासून ठाऊक आहे. बोटॉक्सची सुई टोचून स्नायू सैल करता येतो, पण काही महिन्यांनी तो पुन्हा जागा होतो. आणि जबड्याचे हाडच वाढलेले असेल तर जबडा कापून वर बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया, पूर्ण भूल देऊन. तेथे नुसत्या हिरड्या छाटून काही साधत नाही. उलट बाकावरच्या त्या आजींप्रमाणे ज्यांच्या हिरड्या मागे सरल्या आहेत, त्यांच्या टाळूचा लहानसा तुकडा काढून कधी कधी उघड्या मुळावर लावतात. एकाचे काढायचे, दुसऱ्याला लावायचे. देवाच्या वाटपातल्या चुका दुरुस्त करण्याचे काम या विभागात चालते.

ताईने मग मनातले विचारले, “पण लोकांना हे इतके दिसते का हो?” बाईंनी त्यावर एक जुना प्रयोग सांगितला. अमेरिकेत कोकिच नावाच्या तज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हसऱ्या तोंडांचे फोटो मुद्दाम थोडे थोडे बदलून लोकांना दाखवले. ते काम १९९९ साली छापून आले. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना दोन मिलिमीटर हिरडी दिसली तरी ती खटकली. सामान्य माणसांना मात्र चार मिलिमीटर होईपर्यंत काही वावगे वाटले नाही. शिवाय वय वाढते तसा वरचा ओठ सैलावून खाली येतो. विशीत दिसणारी हिरडी पुढे आपोआपच कमी दिसू लागते.

“मग काहीच केले नाही तर चालेल का?” भाचीने प्रथमच तोंड उघडले.

“चालेल,” बाई म्हणाल्या. “दात निरोगी आहेत, हिरड्या निरोगी आहेत. न करणे हाही एक उपायच आहे.”

त्या वाक्याने बाईंवर माझा विश्वास बसला. ज्या दुकानात ‘नाही घेतले तरी चालेल’ असे सांगतात, त्या दुकानातून माल खुशाल घ्यावा.

ताईने कार्डावरची दुसरी ओळ काढली, हिरड्या गुलाबी करण्याची. भाचीच्या हिरड्या सावळ्या आहेत. ताईच्याही आहेत, आणि आमच्या आईच्याही. पुस्तकात निरोगी हिरडी पोवळ्यासारखी गुलाबी म्हणून वर्णिलेली असते; पण ज्या मेलॅनिनने कातडी सावळी होते त्यानेच हिरडीही सावळी होते, आणि आपल्या देशात ते सर्रास आढळते. तो रोग नव्हे. वरचा पातळ थर पात्याने किंवा लेसरने काढून हिरडी गुलाबी करता येते. मात्र पुष्कळांचा रंग हळूहळू परत येतो. मिश्रीने किंवा विडीच्या धुराने आलेली काळी कळा वेगळी. तेथे आधी तंबाखू सोडवायची, कारण ती रंगावर थांबत नाही, जिवावर उठते. आमच्या नेरुळच्या खाडीकाठी हिवाळा लागला की रोहित पक्षी उतरतात आणि ते गुलाबी थवे पाहायला सारे गाव लोटते. त्या पक्ष्यांची पिले करडी असतात. गुलाबी रंग त्यांना पुढे खाण्यातून चढतो. भाचीला वर चढवलेला रंग नको होता. ती म्हणाली, “रंग राहू दे. तो आजीचा आहे.” घरी आईने हे ऐकले तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्या रात्री कवळी काढून वाटीत ठेवल्यावर ती आरशापुढे बराच वेळ उभी होती.

परत येताना स्टेशनच्या पुलावर भाचीने मला बाजूला घेतले. “मामा, आईला सांग, मी हे करणार आहे, पण लग्नासाठी नाही. ते स्थळ आले नसते तरी केले असते. हसायच्या आधी मला विचार करावा लागतो. त्याचा कंटाळा आलाय.”

हौसेच्या शस्त्रक्रिया म्हणून ज्यांना आपण नाक मुरडतो, त्यांतल्या काहींच्या मागे हौस नसतेच, थकवा असतो. बारा वर्षे एक हात तोंडाशी पहाऱ्यावर ठेवण्याचा थकवा. कोणाच्या जिन्यातल्या वाक्यासाठी आपले मांस कापून द्यावे हे मला मान्य नाही. पण मुलगी स्वतःच्या सुखासाठी, सगळे माप घेऊन झाल्यावर, ‘न केले तरी चालेल’ हे ऐकूनही ‘मला करायचे आहे’ म्हणत असेल, तर तिच्या वाटेत मामाने कशाला उभे राहावे?

बाईंची अट एकच होती: घाई नको. पुढच्या दातांची हिरडी आपली कायमची कड धरायला तीन ते सहा महिने घेते, तेव्हा लग्नाच्या आधीच्या आठवड्यात येणाऱ्या मुलींना त्या परत पाठवतात. आधी दातांची सफाई झाली, आणि ज्येष्ठात मुख्य काम. क्ष-किरण चित्रात हाड जवळ दिसल्यामुळे नुसत्या छाटण्यावर भागले नाही. जागेपुरती भूल देऊन दीड तासात वरच्या सहा दातांची कमान वर गेली. मग आठवडाभर टाके, सुजलेला ओठ, त्या भागापुरता ब्रश बंद, औषधी पाण्याच्या चुळा, आणि जेवायला मऊ भात, ताक, पातळ खिचडी. आमच्या आईला त्या आठवड्यात फार आनंद झाला. तिच्या पंगतीला तरणे माणूस बसण्याची ही पहिलीच वेळ. “मला दात नाहीत म्हणून मऊ भात, तुला दात हवेत म्हणून मऊ भात,” ती म्हणाली. टाके ताणू नयेत म्हणून भाचीला हसण्याची मनाई होती. तिने उशीत तोंड खुपसले.

टाके निघाले, सूज उतरली. दात उंच झाले, म्हणजे होते तेवढे दिसू लागले. हिरडी अजूनही दिसते, अडीच मिलिमीटर. ओठाचा पडदा पूर्वीइतकाच वर जातो, कारण त्याला कोणी हात लावलेला नाही. हे सगळे बाईंनी आधीच सांगितले होते. सांगितले नव्हते ते एवढेच, की हातही पूर्वीसारखाच वर जाईल. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती आले. आरतीत कोणी भलतेच कडवे उचलले की सगळे हसत, आणि भाचीचा हात टाळी सोडून तोंडावर जाई. ताई हवालदिल झाली. “आता काय झाकतेस गं?” ती विचारी. “काही नाही गं आई, सवयीने,” भाची ओशाळून म्हणे. हिरडी मिलिमीटरांत मोजता येते, हाड चित्रात पाहता येते. पण सातवीच्या वर्गातला तो एक शब्द किती खोल गेला आहे हे मोजणारी सळई त्या विभागात नव्हती. शस्त्रक्रियेला मी त्याचा दोष देत नाही. तिने आपले काम चोख केले होते. हाताचे काम तिच्याकडे कोणी सोपवलेच नव्हते.

कोजागिरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर दूध आटवतात. मागच्या कोजागिरीला भाचीच्या एका हातात दुधाचा पेला होता आणि दुसऱ्यात भेळेची बशी. चंद्र वर आला तसे चौथ्या मजल्यावरचे आजोबा मान वर करून गंभीरपणे म्हणाले, “पाहून घ्या रे नीट. सिडकोने तिथे सेक्टर पाडले की एवढा मोकळा दिसायचा नाही.” भाची हसली. हात उठायला निघाला, दूध हिंदकळले, आणि तो तेथेच थांबला. हसू थांबले नाही. मग तिने पेला कठड्यावर ठेवला. हात मोकळा झाला; तो तिने कठड्यावरच राहू दिला.

ताईने घाईघाईने फोटो काढला. तो थोडा हललेला आहे, चंद्र अर्धा कापला गेला आहे, बाजूला आमची आई बोळके पसरून हसते आहे. भाचीच्या हिरड्या त्यात स्पष्ट दिसतात. ताईने तो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला आहे. आणि पुढच्या वेळी कोणी मुलगी पाहायला आले तर त्यांना त्या फोटोच्या समोरचीच खुर्ची द्यायची, असे आईने ठरवून ठेवले आहे.